तात्यांनी पाहिलेली पिशवी

"गोळाच हाय त्यो. मागचाच परत धरलाय," ठकूबाई दुधाची चरवी काट्यावर ठेवत म्हणाली. "पोर आसतं तर मळमळ सकाळची आसती. आता वाजल्यात किती? सांजचं सहा."

डेअरीच्या मागे जाऊन नुकतीच उलटी करून आलेली वैजयंती पदराने तोंड पुसत खुर्चीत बसली. "ठकूमावशी, डॉक्टरांनी तपासलंय. तिसरा महिना हाय."

"आगं, पर पिशवी कुठाय तुला? पोर काय पिशवीबिगर वाढतंय व्हय?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या सात-आठ जणांनी माना डोलावल्या. संध्याकाळची वेळ होती, टेम्पो यायला अवकाश होता आणि विषय चांगला होता. कुणालाच घाई नव्हती.

"पिशवी हाय, मावशी. गोळा काढला, पिशवी ठेवली. तीन वर्सं हेच सांगतीय मी."

"तू सांगतीस. पर तू पायली का? तू तर भुलीत व्हतीस." ठकूबाईने बिनतोड मुद्दा काढला. "चिमाजीदादा जागं व्हतं. त्यांनी डोळ्यांनी पायली, ताटलीत."

वैजयंतीने लॅक्टोमीटर ठकूबाईच्या दुधात सोडला. काचेची नळी दुधात वरखाली झाली आणि एका आकड्यावर थांबली. तेवढी एकच वस्तू त्या गावात अशी होती, की जी वाद न घालता थांबत असे.

वैजयंती बारावी पास होती आणि पेठ गावाच्या अलीकडच्या वस्तीवर दूध डेअरी सांभाळत होती. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, नळी सोडायची, फॅट लावायचा आणि आकडा लिहायचा. दुधात पाणी निघालं तर तसं तोंडावर सांगायचं. यामुळे तिला मान होता, लोभ नव्हता. नवरा अमृत चाकणच्या कंपनीत पाळीवर जायचा, मोजकं बोलायचा. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं आणि दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं, की नव्याण्णव साली ती एकदा काट्यापाशीच चक्कर येऊन पडली. मंचरला वृषाली डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. पिशवीच्या भिंतीत गोळा होता. मोठा होता, नारळाएवढा.

आता त्या भागात बाईच्या पोटात काही दुखलं की पिशवी काढायची, ही पद्धत पडून गेली होती. कंबर दुखली, काढा पिशवी. पांढरं जातंय, काढा पिशवी. ठकूबाईची काढलेली होती, तिच्या दोन्ही जावांची काढलेली होती, थोरल्या सुनेची तर तिसाव्या वर्षीच काढली होती. पिशवी असलेली चाळिशीतली बाई वस्तीवर शोधावी लागे. तेव्हा वैजयंतीचं ऑपरेशन म्हटल्यावर काय काढणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

पण वृषाली डॉक्टर म्हणाल्या होत्या, "वय एकोणतीस, मूल हवंय. गोळा तेवढा काढू. पिशवी शिवून जागच्या जागी ठेवू." आणि ऑपरेशन झाल्यावर दोन गोष्टी त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या. वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. आणि गेले, की बाळंतपणाच्या कळा सुरू व्हायच्या आधी ऑपरेशन करून मूल काढायचं. टाका खोल आहे, कळांचा जोर आला तर पिशवी त्या जागी उसवू शकते. मग आई आणि मूल दोघांचंही काही खरं नाही. हे सगळं त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर लिहूनही दिलं, आणि लाल पेनाने खाली रेघ मारली.

गोंधळ झाला तो ताटलीमुळे. ऑपरेशन झालं की जे काढलं ते नातेवाइकांना दाखवायचं, असा सगळ्याच दवाखान्यांचा रिवाज होता. दाखवल्याशिवाय काढलं यावर आपल्या लोकांचा विश्वास बसत नाही. सिस्टर ताटली घेऊन बाहेर आली. अमृतने एकदा पाहिलं आणि बाकावर आडवा झाला. सासू साळुबाईने डोळ्यांवर पदर घेतला. राहिले चिमाजीतात्या. हे अमृतचे चुलते, वय साठ, माजी सरपंच, गावातल्या कुठल्याही प्रसंगाला पुढे उभे. तात्यांनी ताटलीत वाकून नीट पाहिलं. पिशवी त्यांनी आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती, त्यामुळे ती ओळखायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

"काढली," ते दवाखान्याबाहेर येऊन म्हणाले. "मी डोळ्यांनी पायली."

संध्याकाळपर्यंत ही बातमी वस्तीवर होती, आणि सकाळी पेठेच्या स्टँडवर. ताटलीतला गोळा नारळाएवढा होता. तात्यांच्या सांगण्यात तो महिन्याभरात दुधी भोपळ्याएवढा झाला आणि दिवाळीपर्यंत कलिंगडावर गेला.

तेव्हापासून वैजयंतीला एकच काम मागे लागलं. ज्याला-त्याला सांगायचं, की माझी पिशवी आहे. ओटी भरायच्या कार्यक्रमात बायका तिच्यापाशी आल्या की थांबायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि मग घाईने नारळ-तांदूळ टाकून पुढे सरकायच्या. डिस्चार्जचा कागद तिने डेअरीच्या वहीत ठेवला होता. कुणी बोललं की काढून दाखवायची. कागद इंग्रजीत होता. तात्यांनी तो एकदा दोन्ही बाजूंनी बघितला.

"कागदाचं काय घेऊन बसलीस सूनबाई? कागद तिथं व्हता का? मी व्हतो."

पुढच्या वर्षी येडगावकडची एक मुलगी अमृतसाठी सुचवली गेली. सुचवली अर्थात तात्यांनीच. साळुबाई सुनेला म्हणाली, "माझं काय म्हणणं न्हाई गं बाई. पर पिशवीच न्हाई म्हणल्यावर…"

"हाय, आत्या!"

"बरं बरं, हाय. पर नसली तर?"

अमृत जेवता जेवता म्हणाला, "आई, मला एक हाय ती पुरं." आणि भाकरीकडे वळला. त्या वर्षातलं त्याचं हे सगळ्यात लांब भाषण. वैजयंतीने ते जपून ठेवलं.

आणि आता तिसरा महिना होता, नि गाव म्हणत होतं, गोळा.

पाचव्या महिन्यात पोट गोळ्याच्या हद्दीबाहेर गेलं. ठकूबाईने डेअरीतच हात लावून पाहिलं आणि आतून लाथ बसल्यावर हात मागे घेतला. "आगं बया! जितं हाय की!"

गाव चिमाजीतात्यांकडे बघायला लागलं. साक्षीदार अडचणीत आला होता. दोन दिवस तात्या दूध घालायला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते कपाळाला भंडारा लावून, हातात नारळाची वाटी घेऊन.

"देवीनं दिली," त्यांनी जाहीर केलं. "नवी पिशवी दिली. माझ्या वैनीनं नवस बोलला व्हता. देवी पावली."

रांगेतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तात्याही खरे, पोटही खरं. कुणालाच काही परत घ्यावं लागलं नाही. ठकूबाईने तर तिथल्या तिथे वैजयंतीच्या पायांना हात लावला आणि दुधाचा आकडा एकाने वाढवून मागितला.

वैजयंतीला हसू आलं. तीन वर्षांनी का होईना, पिशवी आहे एवढं तर कबूल झालं. कुणी दिली याच्यावर ती भांडायला गेली नाही. तिथे चुकली.

ती चूक तिला सातव्या महिन्यात कळली. डोहाळजेवणाच्या दिवशी बायका गेल्यावर साळुबाई म्हणाली, "पोटावर सुरी कशाला लावायची? आता न्हाई त्याची गरज."

"आत्या, पिशवीला टाका हाय."

"त्यो जुनीला व्हता. ती गेली न्हवं? ही देवीनं दिल्याली. कोरी. तिला टाका कसा आसंल?"

 तीन वर्षं वैजयंती घसा कोरडा करून सांगत होती, की पिशवी आहे. आता तिला सांगायचं होतं, की ती जुनीच आहे. फाटकी, शिवलेली, माझीच.

तात्यांना तिने डेअरीत गाठलं. रांगेत त्यांच्या मागे कुणी नव्हतं, ही वेळ तिने मुद्दाम साधली.

"तात्या, तुमी नुस्तं येवढं म्हणा, की ताटलीत गोळा व्हता. आत्या तुमचं ऐकतील."

"आसं कसं म्हणू? मी पायलंय ते पायलंय."

"तुमी आधी कधी पिशवी पायली व्हती का?"

"मी काय बाळंतपणं करीत फिरतो व्हय?"

"मंग ती पिशवीच, हे कशावरनं?"

तात्यांनी चरवी काट्यावर सरकवली. मग म्हणाले, "आता गावाला काय तोंड दावू? देवीला काय सांगू? आगं, पुढल्या यात्रंला पालखी आपल्या दारावरनं न्यायचं ठरलंय, या पिशवीपायी."

वैजयंतीने नळी त्यांच्या दुधात सोडली. "चोवीस. पाणी हाय, तात्या."

"पाणी न्हाई. म्हैस पाणी जास्त पिती."

"लिहिते चोवीस."

"लिही. तुझी नळीच खोटी हाय."

वृषाली डॉक्टरांनी तारीख दिली ती सोमवारची. अडतिसावा आठवडा. "कळांची वाट पाहायची नाही. सकाळी उपाशीपोटी या," त्यांनी अमृतलाही समोर बसवून बजावलं. अमृतने मान डोलावली आणि सोमवार-मंगळवारची रजा टाकली.

शनिवारी साळुबाईने कॅलेंडर काढलं. सोमवारी अमावस्या.

"आवसंला पोरगं काढायचं? मी जिती आस्तुवर न्हाई."

"आत्या, डॉक्टरांनी—"

"डॉक्टरला आवस-पुनव कळती का? बुधवारी जा. मी आडवी येत न्हाई. सुरी लावा, काय बी करा. दोन दिसानं काय व्हतंय?"

तात्या ओसरीवर होते. त्यांनी दुजोरा दिला. अमृत बायकोकडे बघत होता. ती म्हणेल ते तो करणार होता, पण ती म्हणायला हवी होती. वैजयंती तीन वर्षं आणि नऊ महिने एकाच गोष्टीवर भांडत होती. ऑपरेशन करायचं हे सगळ्यांनी कबूल केलं, एवढ्यानेच तिला जिंकल्यासारखं वाटलं. आणि ती फार दमली होती.

"बरं. बुधवारी," ती म्हणाली. अमृतने रजा बदलून घेतली.

मंगळवारी सकाळी सात वाजता ती काट्यापाशी उभी होती. वही सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, आणि घरी बसून सासूचं तोंड बघण्यापेक्षा दूध मोजलेलं बरं. अमृत पहिल्या पाळीला गेलेला. तात्यांची चरवी काट्यावर होती. तिने नळी उचलली आणि ती तिच्या हातातच राहिली.

"काय झालं गं?"

तिने टेबलाची कड धरली. कळ आली, थांबली, गेली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दुसरी आली तेव्हा पुन्हा बघितलं.

"गेणभाऊ," तिने कॅन चढवणाऱ्या टेम्पोवाल्याला हाक मारली. आवाज अगदी हिशेबी होता. "जेवढे चढले तेवढे चढले. मंचरला चला. तात्या, तुमी बसा संगं."

"वैनीला बोलावतो—"

"कुणाला बोलवायचं न्हाई. बसा."

टेम्पोत गेणभाऊंच्या शेजारी ती, दारापाशी तात्या. मागे कॅन एकमेकांवर आदळत होते. अवसरी घाटात पुढे उसाचा ट्रक लागला आणि टेम्पो मुंगीच्या चालीने चढायला लागला. तिने दोन्ही हातांनी पोट खालून धरलं होतं, चरवीचं बूड गळत असल्यावर धरावं तसं.

"भिऊ नको," तात्या म्हणाले. "देवीची पिशवी हाय. तिला काय—"

"तात्या!"

चुलत सासऱ्यावर सुनेने ओरडावं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. गेणभाऊंनी समोरच्या ट्रकवरची नजर हलवली नाही.

"पिशवी माझी हाय," ती दातओठ खात म्हणाली. "जुनी हाय. टाक्याची हाय. ती उसवायला लागली तर ह्या टेम्पोतच दोघं मरू आमी. देवीला मधी आणू नका. हॉर्न वाजवा म्हणावं गेणभाऊंना."

चिमाजीतात्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हॉर्न पुरे पडेना म्हणून दार बडवायला सुरुवात केली. मंचर येईपर्यंत ते दार बडवत होते. घाट संपला, ट्रक मागे पडला, रस्ता मोकळा झाला, तरी बडवत होते.

मंचरच्या दवाखान्यात पाऊण तासाने सिस्टरने फडक्यात गुंडाळलेली मुलगी आणून दाखवली. चांगली होती, तोंड लालबुंद करून ओरडत होती. तात्यांनी हात जोडले, पण कुणाला ते त्यांनाच कळलं नाही. चाकणला फोन लावला, निरोप ठेवला. मग बराच वेळ आतून कुणीच बाहेर आलं नाही. सिस्टर दोनदा पळत गेली आणि पळत आली. तिच्या हातात रक्ताच्या बाटल्या होत्या.

मग वृषाली डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. हातात कागद होता.

"नवरा कुठेय?"

"येतोय. निरोप ठिवलाय."

"तेवढा वेळ नाहीये. जुन्या टाक्याच्या जागी पिशवी उसवायला लागली होती. वार तिथेच आत रुतून बसलीय, सुटत नाही. रक्त थांबत नाहीये. पिशवी काढावी लागेल, नाहीतर ती हातची जाईल. तुम्ही सही करा."

तात्यांनी पेन हातात घेतलं. "पिशवी…" ते म्हणाले, आणि थांबले. तीन वर्षं आणि नऊ महिने हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा पुरं केलं होतं. आज ते पुरं होईना.

"आजोबा, सही."

माजी सरपंचांनी आयुष्यात हजार दाखल्यांवर न वाचता सह्या ठोकल्या होत्या. त्या दिवशी 'चिमाजी' एवढं लिहायला त्यांना वेळ लागला. आडनाव खाली घसरलं.

रिवाज तो रिवाज. तासाभराने सिस्टर ताटली घेऊन आली. तात्या एकटेच होते. आडवं व्हायला अमृत नव्हता, पदर घ्यायला साळुबाई नव्हती. मागोमाग डॉक्टर आल्या, टोपी काढत.

"आता रक्त थांबलंय. वाचली ती."

तात्यांनी ताटलीकडे बोट केलं. "ही पिशवी?"

"हो."

"आन मागं दावली ती?"

"तो गोळा होता. तेव्हाही सांगितलं होतं." डॉक्टरांनी चिमट्याने एक जागा दाखवली. "हा बघा, तेव्हाचा टाका. इथून फाटायला लागली."

तात्या वाकले. टाका दिसत होता. आडवा, पांढरट, बोटभर लांब; एका टोकाला विस्कटलेला. हाताने नीट घातलेला टाका कसा दिसतो हे शेतकऱ्याला कळतं; पोती शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"काल आणली आसती तर?"

"सांगता येत नाही. कदाचित हेच झालं असतं. कदाचित नाही."

तात्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बाई, ताटली झाका."

वैजयंतीला तिसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आल्यावर सांगितलं. मुलगी कुशीत होती, अमृत पायाशी बसला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग छताकडे बघत पहिला प्रश्न विचारला, "तात्या कुठायत?"

"गेले घरी. कालच."

तिने डोळे मिटले. तात्या घरी गेले म्हणजे स्टँडवर गेले. इतके दिवस ते खोटं सांगत होते, म्हणून तिला भांडता तरी येत होतं. आता ते खरं सांगतील, आणि तिला भांडताही येणार नाही. शिवाय मुलगी झाली होती. येडगावच्या मुलीचं अजून लग्न झालेलं नव्हतं.

"आत्यांना सांगितलं?" तिने विचारलं.

"मी न्हाई," अमृत म्हणाला. "तात्यांनी काय सांगितलं म्हाईत न्हाई. आई आल्यावर नुस्तं म्हणाली, पोरगी गोरी हाय."

मुलीचं नाव श्रेया ठेवलं. अडीच महिन्यांनी वैजयंती डेअरीत बसायला लागली. पाळणा मागच्या खोलीत, दूध काट्यावर. पहिल्या संध्याकाळी रांग नेहमीपेक्षा लांब होती. बऱ्याच जणांना तिला बघायचं होतं.

ठकूबाईने पाळण्यात डोकावून झाल्यावर विषयाला हात घातला. "पयली बेटी, चांगलंच हाय. आता मागनं ल्योक व्हऊ दे. कधी करतीस दुसरं?"

 वैजयंतीने वहीत खाली बघितलं. डिस्चार्जचा नवा कागद जुन्यावर ठेवलेला होता. तो काढायचा की वही मिटायची, हे तिचं ठरत नव्हतं.

"ठके," रांगेच्या शेवटून चिमाजीतात्यांचा आवाज आला. "तुला लई घाई झाली? व्हईल, न्हाई तर न्हाई व्हणार. त्या दोघांची मर्जी."

"न्हाई, म्हणलं, पिशवीला काय झालं-बिलं का काय, दवाखान्यात लई येळ लागला म्हणं…"

"पिशवीला काय धाड भरलीय?" तात्या म्हणाले. "शाबूत हाय. मी तिथंच व्हतो. मी डोळ्यांनी पायलीय."

ठकूबाईने मान डोलावली. मागच्यांनी मान डोलावली. साक्षीदाराच्या शब्दावर शंका घ्यायचं त्या गावात कुणाला कारण नव्हतं. रांग पुढे सरकली.

शेवटी तात्या एकटे राहिले. त्यांनी चरवी काट्यावर ठेवली आणि पाळण्याच्या खोलीकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले. वैजयंतीने नळी दुधात सोडली.

"चोवीस," ती म्हणाली. "पाणी हाय, तात्या."

तात्या रस्त्याकडेच बघत होते. म्हैस जास्त पाणी पिते, हे ते म्हणाले नाहीत. नळी खोटी आहे, हेही नाही.

"आसंल," ते म्हणाले.

तिने वहीत चोवीस लिहिलं. आकडा तिने पुन्हा गिरवला. नळी अजून दुधात होती, हळूहळू वरखाली होत. तिने ती लगेच काढली नाही. पूर्ण थांबेपर्यंत दोघेही तिच्याकडे बघत राहिले.